आवाज काय म्हणतोय?

तुमचं वय चोवीस. पुढे बराच वेळ ते तेवढंच राहील, साल मात्र बदलत जाईल.

साल १९०२. कल्याणच्या बाजारातून पोलिसाने तुम्हाला दंडाला धरून आणलंय. गुन्हा काही नाही. भर बाजारात, समोर कुणी नसताना, तुम्ही कुणाला तरी तावातावाने उत्तरं देत होता. १८५८ च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि त्याची सही झाली की वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं. मुंबईत कुलाब्याला होतं ते इस्पितळ अपुरं पडायला लागलं, म्हणून ठाण्याला नौपाड्याच्या बाजूला नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने नवं इस्पितळ उभं राहिलंय. १९०१ हे त्याच्या स्थापनेचं साल. आवारातली झाडंसुद्धा अजून कंबरेएवढीच आहेत.

फाटकातून आत शिरताना कानामागून आवाज येतो. पुरुषाचा, पोक्त, थेट तुमच्या थोरल्या काकांसारखा. 'आला बघ. पायात वहाण नाही. आता खाली बघेल.' तुम्ही खाली बघता. 'बघितलं.' कुणीतरी हसतं. तुम्ही मागे वळता तर मागे फक्त पोलीस, तो तंबाखू मळतोय. आवाज तुमच्याशी बोलत नाही, तुमच्याबद्दल बोलतो, आणि तेच जिव्हारी लागतं. शिवीला उलटून शिवी देता येते. आपल्याविषयी दुसरेच कुणी आपापसात बोलत असतील तर माणसाने करावं काय?

टेबलाशी बसलेला कारकून पोलिसाला विचारतो, 'किती दिवस झाले? मारतो का? जेवतो का?' पोलीस उत्तरं देतो. वहीत नोंद होते की हा इसम बडबडतो. काय बडबडतो, याला त्या वहीत रकाना नाही. थोडक्यात, काका तुमच्याबद्दल बोलतात आणि इस्पितळही तुमच्याबद्दलच बोलतं.

त्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळात युरोपातले मोठमोठे डॉक्टरही याच वळणाने जात होते. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला तरुणपणी येणारा बुद्धिनाश ठरवलं होतं. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये त्याला स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं. फ्रॉइडना वाटत होतं की या रुग्णांचं मन उपचार करणाऱ्याशी जोडलंच जात नाही, तेव्हा बोलून उपचार होणं शक्य नाही. कार्ल यास्पर्स यांनी १९१३ च्या ग्रंथात लिहिलं की खरा भ्रम समजून घेण्याच्या पलीकडचा असतो. या विद्वत्तेचा वॉर्डातला अर्थ एवढाच झाला की ऐकत बसू नका, ऐकण्यासारखं तिथे काही नाही.

अपवाद होता. झुरिकच्या इस्पितळात तरुण कार्ल युंग बाबेट नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या एका जुन्या रुग्ण बाईजवळ बसत. ती म्हणायची की मी सॉक्रेटिसची प्रतिनिधी आहे. सगळे हसून पुढे जात. युंग बसून राहिले, ऐकत राहिले आणि एक दिवस त्यांना उलगडलं की आपल्यावर सॉक्रेटिससारखाच खोटा आळ आलाय, असं तिला सांगायचंय. बाबेट बरी झाली नाही. पण तिच्या बोलण्याला अर्थ होता, हे निदान एका माणसाला कळलं. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासाची सुरुवात तिथे आहे.

आता साल १९५६. वय चोवीसच. इस्पितळ तेच, झाडं आता भिंतीच्या वर गेली आहेत. कायदा बदललाय, १९१२ चा लागू आहे, पण मॅजिस्ट्रेटची सही तशीच लागते. तुम्हाला भूल न देता विजेचे झटके देऊन झालेत. त्या काळी ते असेच देत. आणि गेल्या काही आठवड्यांपासून एक नवी गोळी सुरू आहे, लार्गॅक्टिल.

ही गोळी साधी बाब नव्हे. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये जाँ दले आणि पिएर देनिकर यांनी तिचा गुण जगापुढे मांडला आणि दोन-चार वर्षांत ती आपल्याकडे पोचली. वॉर्डातला आरडाओरडा ओसरलाय. काका अजून बोलतात, पण पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखे. जीभ जड झालीय, उन्हात उभं राहिलं की कातडी भाजते, पण तुम्ही सहा महिन्यांत पहिल्यांदा रात्रभर झोपलात. गोळ्यांना नावं ठेवणाऱ्या कुणालाही मी त्या पहिल्या रात्रीची आठवण देईन.

सकाळी डॉक्टरांची फेरी येते. एका खाटेला अर्धा मिनिट. 'झोप? जेवण? आवाज येतात?' येतात म्हणालात तर डोस वाढतो, हे तुम्ही शेजारच्या खाटेवर पाहिलंय. 'नाही येत,' तुम्ही म्हणता. 'खोटं बोलला,' पलीकडच्या खोलीतून काका म्हणतात. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेलेले असतात. प्रश्न आता रकान्यात आलाय, हे खरं. पण त्याला दोनच उत्तरं आहेत, येतात किंवा नाही येत.

गंमत बघा, गोळीच्या त्याच १९५२ साली अमेरिकेत ॲरन बेक नावाच्या तरुण डॉक्टराने एक शोधनिबंध छापला. सरकारी हेर आपल्या मागावर आहेत, अशी खात्री असलेला त्याचा एक रुग्ण होता. बेकनी त्याला समजावलं नाही की असं काही नाही. ते दोघं मिळून एकेका संशयिताकडे नीट बघायला लागले. तो नेमका कसा वागला? त्याचा आणखी काय अर्थ होऊ शकेल? एकेक माणूस यादीतून गळत गेला. गोळी आणि बोलणं दोन्ही एकाच साली दारात आली. गोळीला चार वर्षांत ठाण्याला पोचता आलं. बोलण्याला चाळीस लागली.

त्यात बोलणाऱ्यांचाही मोठा दोष आहे, तो झाकू नये. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या कनवाळू आणि कष्टाळू बाईंनी, ज्यांनी अशा रुग्णांशी वर्षानुवर्षं बोलण्याचं धाडस केलं, आजाराचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारी कल्पना मांडली. पुढची दोन-तीन दशकं जगभरातल्या कितीतरी आयांनी हा आरोप डोक्यावर वाहिला. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी त्याच पन्नाशीच्या दशकात नेमकं उलट केलं. नातेवाइकांना त्यांनी आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं, आजार समजावून दिला आणि उपचारात हाताशी घेतलं. ठाण्याच्या भिंतीआड तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही. रविवारी कल्याणहून गाडीने वडील येतात, डब्यात शेवग्याची आमटी आणि भात असतो. ते काही विचारत नाहीत. 'त्याच्याशी त्या विषयावर बोलू नका, वाढेल,' असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

साल १९९३. चोवीस वर्षं, डोंबिवली पूर्व, चाळीतल्या दोन खोल्या. या वेळी तुमच्या वयालाही पुढे जायची मोकळीक आहे, कारण या वेळी पुढे काहीतरी आहे.

सुरुवात नेहमीसारखीच. बारावीला दोनदा बसलात, मग नोकरी लागली, मग साहेब आपल्या टेबलाखाली काहीतरी लावतोय असं वाटायला लागलं. मग काका. आईने आधी उतारा टाकला, मग देवऋषी केला. बाहेरचं काही नाही, हे कळेपर्यंत वर्ष गेलं. शेवटी चाळीतल्या एका बाईंनी ठाण्याचं नाव सांगितलं. तिथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सहकाऱ्यांसह १९९० च्या मार्चमध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली होती. तुमची केस मात्र डोंबिवलीतच, स्टेशनजवळच्या एका छोट्या दवाखान्यात उभी राहते. डॉक्टर गोळ्या देतात. हात थरथरतात म्हणून सोबत पॅसिटेन. आणि म्हणतात, 'गोळ्यांनी आवाज खाली येईल. मग बोलायचंय. मॅडम आहेत आमच्या.'

मॅडम सुती साडीत, वय तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी जास्त. खोलीत पंखा आणि दोन खुर्च्या. त्या विचारतात, 'आवाज काय म्हणतोय?'

हा प्रश्न तुम्हाला एक्याण्णव वर्षांत कुणी विचारलेला नाही.

'हिला सांगू नकोस,' काका म्हणतात. तुम्ही गप्प. 'आत्ता काही म्हणाला का?' मॅडम विचारतात. 'म्हणतोय, सांगू नकोस.' 'बरं. तुम्ही तर सांगितलंत. काय झालं?' तुम्ही वाट बघता. पंखा फिरतोय. काही झालं नाही.

'मला तो आवाज ऐकू येत नाही,' मॅडम म्हणतात. 'पण तुम्हाला येतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.' या दोन वाक्यांवर पुढचं सगळं काम उभं राहतं. आवाज खोटा आहे, असं त्या म्हणत नाहीत. तो खरा आहे, असंही म्हणत नाहीत. वाद घातला तर तुम्ही भ्रमाच्या बाजूने वकिली करत बसाल, आणि हो ला हो केलं तर एकटे पडाल. मधली जागा अरुंद असते. तिथे बसायला शिकणं हेच या उपचारातलं कौशल्य.

पुढच्या खेपेला त्या वही काढायला सांगतात. आवाज कधी येतो, कुठे येतो, आधी काय चाललं होतं. आणि एक आकडा. 'काकांना सगळं कळतं, यावर शंभरपैकी किती विश्वास?' शंभर. 'कशावरून?' 'मी खाली बघणार, हे त्यांना आधीच कळतं.' मॅडम विचारात पडतात. 'परत तसं म्हणाले तर तुम्ही पंख्याकडे बघा. बघू काय होतं.'

गुरुवारी दुपारी मोरीत हात धुताना काका म्हणतात, 'आता खाली बघेल.' मान आपोआप झुकायला लागते. तुम्ही ती ओढून वर धरता आणि छपराच्या पत्र्याकडे बघता. काका दोन क्षण गप्प. मग म्हणतात, 'बघणारच होता.' तुम्हाला हसू येतं. किती काळाने! आकडा ऐंशीवर येतो. पुढच्या महिन्यात पुन्हा नव्वद होतो, आईच्या आजारपणात पंच्याण्णव. मग साठ.

ब्रिटनमधले मॅक्स बर्चवुड आणि पॉल चॅडविक हे संशोधक त्याच सुमाराला याच गोष्टीवर बोट ठेवत होते. आवाज काय म्हणतो यापेक्षा त्याच्या हातात किती ताकद आहे असं माणसाला वाटतं, त्यावर त्याचा त्रास ठरतो, हे त्यांनी १९९४ मध्ये मांडलं. आपल्याकडे अशा कामाला जमीन आयती तयार होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांनी मुंबईत बसून, खुद्द एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करत, मराठीत रुजवली होती. घटना एक आणि तिच्याबद्दलचा आपला समज दुसरा, हे वेगळं काढायला शिकलेली माणसं ठाणे-मुंबईत होती. स्किझोफ्रेनियासाठी ही पद्धत हळू, नरम हाताने वापरावी लागते. 'हे अविवेकी आहे' असं तोंडावर सांगून भागत नाही.

आणि आवाज काकांचाच का? मॅडमनी हेही विचारलं. बारावीचा दुसरा निकाल लागला त्या दिवशी काका घरी आले होते आणि तुमच्यादेखत वडिलांना म्हणाले होते, 'याचं काही खरं नाही.' तुमच्याबद्दल, तुमच्यादेखत. खऱ्या काकांनी आजार दिला, असा याचा अर्थ नाही. आजार यायचा तो आला, येताना घरातलाच एक गळा उचलून आला. मानववंशशास्त्रज्ञ टॅनिया लुरमन यांनी कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी वीस आवाज ऐकणाऱ्यांशी बोलून २०१५ मध्ये जे मांडलं, ते इथे लागू पडतं. अमेरिकेतल्यांना अनोळखी, हिंस्र आवाज जास्त. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे, कामं सांगणारे, टोकणारे. आपल्याकडे डोक्यातही एकत्र कुटुंब नांदतं. म्हणून इथल्या बोलण्याचा मसुदा लंडनहून तयार आणून चालत नाही.

आई-बाबांनाही बोलावलं गेलं. जॉर्ज ब्राउन आणि ज्युलियन लेफ यांच्या लंडनमधल्या कामातून दिसलं होतं की सततची टीका, राग किंवा अति गुंतणं असलेल्या घरात आजार लवकर उलटतो. चंदिगडमध्येही तसा अभ्यास झाला आणि तिथल्या घरांत टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळलं. आईला कुणी दोषी धरलं नाही. एवढंच शिकवलं की एका वेळी एक वाक्य बोला, 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द टाळा, अंघोळीवरून दिवसातून एकदाच बोला. बाबांना हे कठीण गेलं.

मग गट. ठाण्याच्या संस्थेने अशा शुभार्थींसाठी, म्हणजे आजार असलेल्यांसाठी, 'त्रिदल' हा पुनर्वसन गट चालवला, आणि शुभंकरांचे, म्हणजे सांभाळणाऱ्यांचे, मेळावे भरायला लागले. पुण्यात जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभारली. त्यांच्याच पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ मध्ये आला. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला शेष पाहताना डोंबिवलीतल्या एखाद्या आईला पहिल्यांदा वाटलं असेल की आपलं घर एकटं नाही. गटात बसल्यावर तुम्हालाही तसंच झालं. समोरचा म्हणाला, 'माझी तर रेडिओवरची बाई आहे,' आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

२०१०. वय एक्केचाळीस. डोंबिवलीहून फास्ट लोकल, ठाण्यात चरईतल्या एका दुकानात हिशेबाचं काम. गाडी १९१६ च्या पारसिक बोगद्यात शिरते, खडखडाट भिंतींवर आपटतो आणि त्या आवाजात काका मोठे होतात. तिघं जण हसतात. तुमच्यावरच? वहीतून तुम्हाला ठाऊक आहे की गोंगाट, उपास आणि अपुरी झोप यांत काका वाढतात. कानात इअरफोन, ओठांत गुणगुण, आणि हसणाऱ्यांकडे एकदा सरळ नजर. ते मोबाइलवर काहीतरी बघताहेत. बोगदा संपतो. काका संपत नाहीत. तुम्ही ठाण्याला उतरता आणि कामाला जाता.

इथे थोडं थांबून खरं ते सांगायला हवं. अशा बोलण्याचा परिणाम संशोधनात दिसतो, पण तो माफक आहे, चमत्कार नाही, आणि गोळ्या बंद करून हे करायचं नसतं. तरीही ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेने स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रत्येकाला अशा बोलण्याच्या किमान १६ बैठका द्याव्यात असं सांगितलंय. आपल्याकडे सरकारी बाह्यरुग्ण विभागातली रांग पाहिली की १६ हा आकडा परग्रहावरचा वाटतो. पण हे फक्त मोठी पदवी असलेल्यांनीच करायचं काम आहे, असंही नाही. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत २८२ जणांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या चाचणीत प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघरी गेले, बसले, बोलले. उपचारांना या भेटींची जोड मिळालेल्यांत लक्षणं आणि परावलंबन नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा थोडं जास्त कमी झालं. १८५० खाटांच्या ठाण्याच्या इस्पितळात खाटेगणिक रोज पाच मिनिटांचं खरं बोलणं मिळालं तर त्याचं मोल किती होईल, याचा हिशेब सरकारने करायला हवा. इमारतींच्या पुनर्बांधणीइतकाच तो निकडीचा आहे.

२०१९. पन्नास वर्षं. वडील गेले, आई सत्याहत्तर. 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न ती आता मोठ्याने विचारते. मे २०१८ पासून नवा मानसिक आरोग्य कायदा लागू आहे. त्याने भूल न देता झटके आणि साखळ्या, दोन्ही बंद केल्या. आणि एक हक्क दिला: बरं असताना लिहून ठेवायचं की उद्या मी आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. हे लिहायला पूर्वी आजार झालेला असणं आड येत नाही. ज्या मंडळांकडे ते नोंदवायचं ती मंडळं महाराष्ट्रात नीट चालायला वर्षं लागली, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात याचिका घेऊन जावं लागलं, हेही तितकंच खरं.

तुम्ही, आई आणि कल्याणची ताई टेबलाशी बसलात. साधा कागद. ताईचं नाव प्रतिनिधी म्हणून. 'गोळ्या चालू ठेवाव्यात' हे आईने सांगायच्या आधी तुम्हीच लिहिता. अमुक गोळीने माझी मान आखडते, ती नको. दाखल करायची वेळ आली तर पोलीस बोलावू नयेत, ताईने रिक्षातून न्यावं. भरती असेन तर रोज कुणीतरी बसून, आवाज काय म्हणतात, हे विचारावं.

'हे असं कुणी करेल का तिथे?' ताई विचारते.

'लिहिलं नाही तर नक्कीच नाही करणार.'

आईला आणखी एक कलम हवंय: नातेवाइकांत कुणाला कळवू नये. यावर तुमचं एकमत होत नाही. तुम्ही म्हणता कळू दे, ती म्हणते ताईच्या मुलीचं लग्न व्हायचंय. ताई म्हणते, माझ्या मुलीला सगळं माहीत आहे, तिच्या होणाऱ्या नवऱ्यालाही. अर्धा तास त्यावर जातो. आई थकून आत जाते, मग परत येऊन म्हणते, बरं, खोडा ते. ताई खोडते, खाली तुमची सही घेते आणि पिशवीत कागद घालताना म्हणते, मंगळवारी माझ्या मुलीला सुट्टी आहे, साक्षीदारांच्या सह्या त्याच दिवशी उरकून घेऊ.